रविवारच्या जेवणाला विमानाने: इंग्लंडमधल्या छोट्या एअरफिल्डवर पाहुणा म्हणून उतरताना

लायसन्स हातात पडल्यावर पहिले काही महिने आपण आपल्याच एअरफिल्डभोवती घिरट्या घालतो. मग क्लबातलं कोणीतरी म्हणतं, "चल, सँडाउनला जेवून येऊ." आइल ऑफ वाइट बेटावरचं गवताचं मैदान, खाली सोलेंटची निळी सामुद्रधुनी, उतरल्यावर गरम चिप्स. नकाशावर तिथे एक छोटं वर्तुळ असतं आणि आपण समजतो, एवढ्याशा जागेत असून असून किती विमानं असणार!

माझा हा समज मे महिन्यातल्या एका शनिवारी मोडला. तीन आठवडे पाऊस झाला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा ऊन पडलं होतं. दक्षिण इंग्लंडमधल्या एका गवताच्या एअरफिल्डवर मी दुपारी 12:20 ला पोचलो, तर रेडिओवर बोलायला फट मिळेना. उतरण्याआधी धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारतात, ते सर्किट. त्याच्या धावपट्टीला समांतर बाजूवर, म्हणजे डाउनविंडला, पुढे एक पांढरं विमान दिसलं. तेच माझ्या पुढचं, असं गृहीत धरून त्याच्या मागे लागलो. ते मुळात सर्किट सोडून बाहेर चाललं होतं. मी बेसवर, म्हणजे त्यानंतरच्या आडव्या बाजूवर, वळलो तो थेट दुसऱ्याच्या पुढ्यात. त्या माणसाने आवाज अजिबात न चढवता सांगितलं, "बेसवरचं पायपर, तू माझ्यासमोर आला आहेस." गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. दुसऱ्या फेरीत पुढचं विमान धावपट्टीवरून बाहेरच पडलं नव्हतं. पुन्हा गो-अराउंड. तिसऱ्यांदा उतरलो, अगदी कुंपणाच्या झुडपापर्यंत जाऊन जागा मिळाली आणि चालत कॅफेत पोचलो तर स्वयंपाकघर बंद झालेलं. चहा आणि एक केळं मिळालं.

इथे नव्याने उडायला लागलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. भारतात शिकून आलेल्यांना इथली मोकळीक सुरुवातीला खरी वाटत नाही. तिकडे जवळजवळ प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन आणि हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी क्रमांक लागतो. इथे अनियंत्रित हवाई हद्दीत, डोळ्यांनी बघून उडायचं असेल, तर फ्लाइट प्लॅनसुद्धा लागत नाही. पण त्यामुळेच कुठल्या छोट्या मैदानावर आज किती जण निघालेत, हे कोणालाच धड ठाऊक नसतं. तो अंदाज आपला आपण घ्यायचा असतो.

1. गर्दी मोजायची कशी, ते समजून घ्या

एखाद्या एअरफिल्डवर वर्षाला इतक्या हजार मूव्हमेंट होतात, असं वाचून काही कळत नाही. एक टेकऑफ ही एक मूव्हमेंट, एक लँडिंग ही दुसरी, आणि टच-अँड-गो केलं, म्हणजे चाकं टेकवून लगेच पुन्हा उडालं, की दोन. म्हणजे शिकाऊ मुलगा एकदा वर गेला, पाच टच-अँड-गो करून शेवटी उतरला, की वहीत बारा मूव्हमेंट लागल्या. बाहेरून आलेलं विमान उतरलं आणि निघून गेलं, की फक्त दोन. मोठा आकडा म्हणजे मोठी पाहुणेमंडळी, असं अजिबात नाही. तो त्या क्लबच्या शाळेचा आकडा असतो बऱ्याचदा.

उपयोगाचं गणित वेगळं आहे. साध्या ट्रेनर विमानाला सर्किटची एक फेरी मारायला पाच-सहा मिनिटं लागतात. सर्किटमध्ये चार विमानं असली तर दर दीड मिनिटाला एक फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर, येणार. आता धावपट्टी गवताची, 800 मीटरच्या आसपास, आणि बाजूने टॅक्सीवे नाही. उतरलेल्याला टोकाला वळून धावपट्टीवरूनच मागे यावं लागतं, त्यात दोन-तीन मिनिटं जातात. मग चौथं विमान आलं तरी कोणाला ना कोणाला गो-अराउंड आहेच. त्यात निघणारेही होल्डिंग पॉइंटला, म्हणजे धावपट्टीत शिरण्याआधी थांबायच्या जागी, ताटकळत उभे. वर्षभर सुनं वाटणारं मैदान दोन तास दादर स्टेशन होतं ते असं.

2. कुठल्या पंगतीला बसायचं ते ठरवा

पहिल्या पंगतीला सगळेच धावतात, तसं आहे हे. दक्षिण इंग्लंडात सकाळचं धुकं किंवा खालचे ढग दहा-साडेदहापर्यंत विरतात. सगळे क्लब एकाच वेळी हँगरची दारं उघडतात. एकेकाचा प्रवास अर्ध्या ते पाऊण तासाचा. म्हणजे न ठरवताही सगळे साडेअकरा ते दीडमध्ये एकाच मैदानावर येऊन थडकणार. आणि क्लबचं विमान ठरावीक तासांसाठी घेतलेलं असतं, म्हणून दोन-अडीचला पुन्हा सगळ्यांची एकदम निघायची घाई.

गर्दी हमखास वाढते ते दिवस:

- लांबलेल्या पावसानंतरचा पहिला उन्हाचा शनिवार-रविवार. हा सगळ्यात वाईट.
- बँक हॉलिडेचा सोमवार.
- त्या मैदानावर फ्लाय-इन, जत्रा किंवा जुन्या गाड्यांचा मेळा असेल तो दिवस. हॅम्पशरमधल्या पॉपहॅमला मे महिन्याच्या सुरुवातीला मायक्रोलाइट विमानांचा मेळा भरत आलाय, त्या शनिवार-रविवारी नवख्याने तिकडे फिरकू नये.
- विमानविषयक मासिकांत त्या एअरफिल्डचं फुकट लँडिंगचं कूपन छापून आलेला महिना. 15 पौंड वाचवायला लोक 100 पौंडांचं इंधन जाळतात. मीही जाळलंय.
- हिवाळ्यात पावसाने गवताची मैदानं बंद पडली, की पक्क्या धावपट्टीच्या शेजाऱ्यांवर येणारा लोंढा. हा पटकन लक्षात येत नाही.

सकाळी धुकं नसेल तर दहाला पोचून नाश्ता करा, नाहीतर दोननंतर जाऊन केक खा. पहिल्या तीन-चार वेळा तरी जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. मंगळवारी सकाळी तेच मैदान इतकं निवांत असतं, की रेडिओवरची आजी तुमची चौकशी करते.

3. आदल्या रात्रीचा अभ्यास

हे हाताशी घ्या: त्या एअरफिल्डची एआयपी या अधिकृत माहितीपुस्तकातली किंवा पूलीज फ्लाइट गाइडमधली पानं, त्यांच्या संकेतस्थळावरचं पाहुण्या वैमानिकांसाठीचं पान, चालू वर्षाचा 1:5,00,000 चा नकाशा, आणि स्कायडेमॉनसारखं अ‍ॅप असेल तर ते. पूलीजची जुनी आवृत्ती मित्राकडून उचलून आणू नका. सर्किटची दिशा, रेडिओची फ्रिक्वेन्सी, उघडण्याच्या वेळा, सगळं बदलत असतं.

या पानांत धावपट्टीच्या लांबीपेक्षा बारीक अक्षरातल्या टिपा जास्त महत्त्वाच्या. कुठल्या गावावरून उडायचं नाही, सर्किट डावं की उजवं, उंची 1000 फूट की 800, मैदानाच्या डोक्यावरून येऊन सर्किटमध्ये शिरायला, म्हणजे डोक्यावरून जॉइन करायला, परवानगी आहे का. पॉपहॅमचंच बघा. ए-303 महामार्गाला लागून असलेलं हे मैदान. त्याच्या 26 धावपट्टीच्या वाटेत पेट्रोल पंप आहे आणि त्यावरून जायचं नाही, म्हणून फायनल सरळ न येता तिरकी येते. हे न वाचता गेलेला माणूस शेवटच्या क्षणी पंपावर पोचतो. केंटमधल्या हेडकॉर्नला दिवसभर पॅराशूटवाले उड्या मारतात, तिथे डोक्यावरून जॉइन करायचं नाही. ग्लायडरच्या मैदानांवर विंचची तार काही ठिकाणी 3000 फुटांपर्यंत वर येते. ती तार हवेत दिसत नाही, फक्त नकाशावर दिसते.

मी एक करतो. पाठकोऱ्या कागदावर धावपट्टी, सर्किट, टाळायची गावं आणि वाऱ्याची अपेक्षित दिशा हाताने काढतो. टॅब्लेट बंद पडला तरी कागद मांडीवर असतो, आणि काढताना डोक्यात बसतं हा खरा फायदा.

नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना, वाचायच्या त्या रात्री आणि परत सकाळी. एअर शोची कवायत, राजघराण्याचं उड्डाण, तात्पुरती बंद हवाई हद्द, काहीही असू शकतं.

4. फोन करा, आणि नीट विचारा

बहुतेक छोट्या मैदानांना पीपीआर लागतं, म्हणजे येण्याआधी घेतलेली परवानगी. काही ठिकाणी ऑनलाइन फॉर्म असतो, तरी मी पहिल्यांदा जाताना फोनच करतो. फॉर्म तुम्हाला "आज नको रे, उद्या ये" असं सांगत नाही.

फोनवर विमानाचा प्रकार, नोंदणी, कुठून येणार, किती जण, किती वाजता, इतकं सांगा. मग तुमची पाळी:

- "आज किती जण येतायत?" आकडा नाही मिळाला तरी आवाजावरून कळतं.
- "कुठल्या वेळी कमी असतात?" हा सगळ्यात कामाचा प्रश्न. साडेबाराऐवजी सव्वादहाला या, असं त्यांनीच मला दोनदा सुचवलंय.
- "गवत कसं आहे? ओलं? नुकतं कापलंय?"
- "पहिल्यांदाच येतोय, काही खास?" लाजू नका. पहिल्यांदा येणाऱ्याला दोन वाक्यांत समजावणं त्यांना नंतर गावकऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यापेक्षा परवडतं.
- इंधन मिळेल का, आणि कार्ड चालतं का.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. व्हॉइसमेलवर निरोप ठेवला म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. आणि पीपीआर म्हणजे तुमच्यासाठी राखून ठेवलेली वेळ नव्हे. मोठ्या मेळ्याला स्लॉट देतात ते वेगळं. एरवी "या" म्हणजे फक्त "या", त्याच मिनिटाला आणखी सहा जणांनाही "या" सांगितलेलं असू शकतं.

5. गवताचं गणित कागदावर करा

डांबरी धावपट्टीवर शिकलेल्यांची इथे फसगत होते. विमानाच्या पुस्तकातला आकडा कोरड्या, पक्क्या पृष्ठभागाचा असतो. सीएए या इथल्या हवाई नियामकाच्या सेफ्टी सेन्स पत्रिकेतले गुणक असे: लँडिंगला कोरड्या गवतावर 1.15, ओल्या गवतावर 1.35, आणि फार आखूड ओलं गवत असेल तर घसरण इतकी, की 1.6 पर्यंत. वर सुरक्षेचा गुणक 1.43. हे सगळे एकमेकांना गुणायचे, बेरीज नाही.

समजा पुस्तकात 400 मीटर लिहिलंय. ओल्या गवताचे 540, सुरक्षेसह 772. धावपट्टी 800 ची असेल तर जेमतेम बसलं. तेच गवत काल कापलेलं आणि आज भिजलेलं असेल तर 640, सुरक्षेसह 915. नाही बसत. म्हणून फोनवर "गवत कापलंय का" हा प्रश्न.

गर्दीचा याच्याशी संबंध आहे. मागे कोणीतरी अगदी जवळ आलंय म्हटल्यावर माणूस लवकर बाहेर पडायला जोरात ब्रेक दाबतो, आणि ओल्या गवतावर दाबलेला ब्रेक म्हणजे साबणावर पाय. मागच्याला गो-अराउंड करू द्या, तुम्ही सरळ जा.

टेकऑफला ओल्या गवताचा गुणक 1.3, सुरक्षेचा 1.33. उतरता आलं म्हणजे निघता येईलच असं नाही. जेवून, दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन निघतानाचं गणित घरूनच करून न्या.

6. काय न्यायचं, कोणाला न्यायचं

लायसन्स, मेडिकल किंवा वैद्यकीय घोषणापत्र, फोटो ओळखपत्र, नकाशा, फ्लाइट लॉग, पिवळं हाय-व्हिज जॅकेट प्रत्येकासाठी, चाकांना लावायच्या गुट्ट्या, जमिनीला बांधायची दोरी आणि खुंट्या, थोडी सुटी रोख रक्कम. सोलेंट ओलांडणार असाल तर लाइफ जॅकेट, आणि ती अंगात घातलेली. मागच्या सीटवर घडी करून ठेवलेल्याचा उपयोग शून्य.

आता माणसं. उन्हाळ्यात गावाकडून आई-बाबा, मामा-मामी येतात आणि त्यांना विमानातून फिरवायची आपल्याला हौस असते. चार सीटचं पायपर किंवा सेसना 172 बघून चौघं बसतील असं वाटतं. चार मोठी माणसं आणि पूर्ण इंधन एवढं वजन बहुतेक वेळा बसत नाही. काटा आणा, सगळ्यांना उभं करा, मामा रागावले तरी. प्रवासी घेण्याआधी गेल्या 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. आणि खर्च वाटून घ्यायचा तर तुमचा वाटा तुम्ही भरायचाच, नफा होता कामा नये. "काकांनी खुशीने दिले" हे कारण चालत नाही.

नातेवाइकांना गर्दीच्या दिवशी नेऊ नका, एवढं माझं ऐकाच. दोन गो-अराउंडनंतर मागून "काही बिघडलंय का रे?" असा प्रश्न येतो, आणि तो नेमका रेडिओवर आपला नंबर येतो तेव्हा.

7. दहा मैलांवरून कान लावा

बोलण्याआधी ऐका. दोन-तीन मिनिटांत धावपट्टी कुठली चालू आहे, किती आवाज आहेत, कोणी शिकाऊ आहे का, हे कळतं. पाचपेक्षा जास्त वेगवेगळे आवाज आले, तर मी बाहेरच एखाद्या तळ्यावर किंवा जंगलाच्या टोकावर दहा मिनिटं गोल फिरतो. तेवढ्यात एक लाट उतरून जाते. त्या दहा मिनिटांचं इंधन आधीच हिशेबात धरलेलं असतं.

हाकेला जे नाव असतं त्यावरून समोर कोण आहे ते ओळखा. "टॉवर" म्हणजे कंट्रोलर, तो सूचना आणि परवानगी देतो. "इन्फर्मेशन" म्हणजे माहिती देणारा अधिकारी. हवेतल्या विमानाला तो माहिती देतो, उतरायचं की नाही ते तुमच्यावर. "रेडिओ" म्हणजे बहुतेक वेळा क्लबातलेच कोणीतरी काका, खिडकीतून बघून वारा, दाब आणि चालू धावपट्टी सांगणारे. त्यांना तुम्हाला नंबर लावून द्यायचा अधिकार नाही. नवखे इथेच चुकतात. "रेडिओ"ने "रॉजर" म्हटलं की त्यांना वाटतं, मोकळं आहे, उतरू. रॉजर म्हणजे ऐकलं, बाकी काही नाही.

काही पट्ट्यांना स्वतःची फ्रिक्वेन्सीच नसते. तिथे सेफ्टीकॉम ही सामायिक फ्रिक्वेन्सी, 135.480, आणि त्यावर आपण कुठे आहोत ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत जायचं. तिथे मैदानाचं नाव वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटीही घ्या, कारण त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या जिल्ह्यातली मंडळीही बोलत असतात.

बोलणं थोडक्यात ठेवा: "पॉपहॅम रेडिओ, गोल्फ अल्फा ब्राव्हो चार्ली डेल्टा, पीए-28, आठ मैल उत्तरेला, 2000 फूट, एअरफिल्डची माहिती द्या." गर्दीत कोणी तुमची जीवनकथा ऐकायला बसलेलं नाही. हे अर्थातच तिथे इंग्रजीत बोलायचं आहे, पण घरी आरशासमोर दहा वेळा म्हणून बघा.

8. ओव्हरहेड जॉइन: हीच खरी परीक्षा

परवानगी असेल तिथे गर्दीत जायची ही सगळ्यात शहाणी पद्धत, आणि नवख्यांना सगळ्यात जास्त घाम फोडणारीही. सर्किट 1000 फुटांचं असेल तर आपण 2000 फुटांवर, धावपट्टीच्या उंचीपासून मोजलेल्या, मैदानाच्या डोक्यावर यायचं. डावं सर्किट असेल तर मैदान आपल्या डाव्या हाताला ठेवून वळत राहायचं. वारामोजा बघा, चालू धावपट्टी बघा, खाली सर्किटमध्ये किती जण आहेत ते मोजा. शब्दशः मोजा, बोटांवर. मग डेड साइडला, म्हणजे सर्किट नसलेल्या बाजूला, खाली उतरत 1000 फुटांवर या. टेकऑफ करणारी विमानं हवेत उठतात त्या टोकावरून आडवे जा आणि डाउनविंडला मिळा.

हे टोक का? तिथे उठणारं विमान अजून तुमच्याइतकं उंच झालेलं नसतं. आणखी पुढून आडवे गेलात तर ते तुमच्या उंचीवर तुमच्या पोटात येतं.

माझ्या हातून आणि डोळ्यांदेखत झालेल्या चुका सांगतो. पहिली, लाइव्ह साइडला, म्हणजे सर्किटच्याच बाजूला, खाली उतरणं. घाईत डावं-उजवं उलटं होतं आणि सर्किटमधल्या विमानांच्या डोक्यावर आपण खाली येतो. लो-विंग, म्हणजे खाली पंख असलेलं, विमान वर आणि हाय-विंग, म्हणजे वर पंख असलेलं, खाली असेल तर दोघंही एकमेकांना दिसत नाहीत. दुसरी, उंचीमापकात दाबाचा आकडा चुकीचा. इथे बरीच मैदानं क्यूएफई देतात, म्हणजे धावपट्टीवर शून्य दाखवणारा दाब. डॉर्सेटमधलं कॉम्प्टन अ‍ॅबस समुद्रसपाटीपासून 800 फुटांच्या वर आहे. तिथे क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा दाब, ठेवून "1000 फूट" उडालात, तर गाई वर बघतात. तिसरी माझी, वर सांगितलेली: पुढचं विमान कुठलं, हे गृहीत धरणं. आता मी विचारतो, "डाउनविंडला आहे, पुढचं विमान दिसत नाही." कोणीतरी सांगतं.

गर्दीचं टोक बघायचं तर अमेरिकेतलं ऑशकॉश. जुलैच्या शेवटी तिथल्या मेळ्याला 10,000 हून जास्त विमानं येतात. रिपन गावापासून फिस्कपर्यंत रेल्वेच्या रुळांवरून एकामागे एक, अर्ध्या मैलाच्या अंतराने, 90 नॉट वेगाने आणि 1800 फुटांवर. कंट्रोलर रंगावरून आणि प्रकारावरून विमान ओळखतो, तुम्ही बोलायचं नाही, पंख हलवायचे. धावपट्टीवर रंगीत ठिपके असतात, सांगतील त्या ठिपक्यावर टेकायचं. हे जमतं, कारण प्रत्येकाने तीच सूचनापत्रिका आधी पाठ केलेली असते. आपल्या छोट्या मैदानावर कंट्रोलर नाही, ठिपके नाहीत. तिथली सूचनापत्रिका म्हणजे तुमच्या मांडीवरचा तो हाताने काढलेला कागद.

9. फायनल

पुढचं विमान धावपट्टीवर असेल तर गो-अराउंड. तो चालत असेल, वळत असेल, "आत्ता निघेल" असं वाटत असेल, तरी. 300 फुटांवर ठरवलेला गो-अराउंड सोपा असतो, 30 फुटांवरचा नाही. वर जाताना थोडं डेड साइडला सरका, म्हणजे खालून कोणी उठलं तर दिसेल. डाउनविंड लांबवून जागा करायचा मोह आवरा. तुम्ही लांबवता, मागचे तुमच्यामागे येतात, आणि सर्किट पुढच्या गावापर्यंत पोचतं. त्या गावावरून उडायचं नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

दोनदा गो-अराउंड झालं आणि डोकं भणभणायला लागलं, तर सरळ दुसरीकडे जा. पर्यायी मैदान निघतानाच ठरवलेलं असू द्या. हवामान बिघडलं किंवा खरी आणीबाणी आली तर पैशांचा विचार करू नका. एओपीए या विमानमालक आणि वैमानिकांच्या संघटनेतल्या चार्ल्स स्ट्रॅसर यांनी उभी केलेली एक योजना आहे. तिच्यातली एअरफिल्ड अशा वेळी लँडिंग फी घेत नाहीत, आणि अशी एअरफिल्ड दोनशेवर आहेत. जेवण हुकलं ही मात्र आणीबाणीत मोडत नाही.

10. जमिनीवर

पार्किंगला कोणी झेंडा हलवत असेल तर त्याचं ऐका, नसेल तर रांगेतल्या शेवटच्या विमानाच्या पलीकडे, पंखाला पंख लागणार नाही इतकी जागा सोडून उभे राहा. परत निघताना ढकलून बाहेर काढता येईल असं तोंड ठेवा. टोबार, म्हणजे विमान हाताने ओढायचा दांडा, बरोबर असेल तर तुम्ही तिथले शहाणे.

इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय कोणी दार उघडायचं नाही. मुलांचा हात धरा. उन्हात फिरणारा पंखा दिसत नाही, आणि गर्दीच्या रांगेत शेजारच्याने कधी इंजिन सुरू केलं ते कळत नाही. फोटो रांगेबाहेर आल्यावर.

पिवळ्या पाटीवर काळं इंग्रजी 'सी' अक्षर दिसेल तिथे पाहुण्यांनी नोंद करायची. लँडिंग फी साधारण 10 ते 25 पौंड, काही ठिकाणी इंधन घेतलं तर माफ. फी आधी भरा, मग जेवा. काउंटर बंद झाला की टपालपेटीत लिफाफा टाकावा लागतो आणि खिशात नेमकी सुटी नोट नसते.

11. परतीच्या वाटेवर

दोन-अडीचच्या लाटेत अडकायचं नसेल तर सव्वा वाजता निघा किंवा चार वाजेपर्यंत गप्पा मारा. मात्र तुमच्या स्वतःच्या एअरफिल्डची बंद व्हायची वेळ बघून ठेवा. निघताना नोंदवहीत बुक-आउट करा. होल्डिंग पॉइंटला उभं राहून लांबलचक तपासण्या करू नका, मागे पाच जण गरम होत असतात. बाजूला जागा असेल तर तिथे करून मग रांगेत या.

आणि एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. फ्लाइट प्लॅन भरला नसेल तर तुम्ही पोचला नाहीत म्हणून शोधायला कोणी निघत नाही. पीपीआर घेतलेलं मैदान समजतं, बेत बदलला असेल. म्हणून घरी एकाला विमानाची नोंदणी, वाट, पोचायची वेळ आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर माझ्या एअरफिल्डला फोन कर" हे लिहून द्या. आमच्याकडे हे काम बायकोकडे आहे. चिठ्ठी फ्रिजवर असते. साताऱ्याला आईला "पोचलो" असा मेसेज वेगळा जातो, पण तो उतरल्यावरच. एकदा मी निघायच्या आधी "आता निघतोय" असं कळवलं होतं, तर दुपारभर तिने जेवण केलं नव्हतं.